गोगलगाय, पोटात पाय आणि हाताला साबण

श्रावणातली गोष्ट आहे. चार दिवस राहायला म्हणून मी विजयदुर्गाला बहिणीकडे गेले होते. कौलांवरून पागोळ्या धो धो गळत होत्या. समोर वाघोटन नदीचं गढूळ पाणी खाडीतून समुद्रात शिरत होतं आणि पलीकडे धुक्यात किल्ल्याचे बुरूज जेमतेम दिसत होते. सकाळपासून लाइट नव्हती. टीव्ही बंद. अशा वेळी मुलांनी करायचं तरी काय?

माझ्या भाच्याने उद्योग शोधून काढला होता. तो सातवीत आहे. पडवीच्या कोपऱ्यात लोणच्याची मोठी काचेची बरणी, तिच्या तोंडाला फडकं बांधलेलं, आत ओली माती, कोबीची पानं आणि सहा गोगलगायी!

"मावशी, बघ ना," तो मला म्हणाला. "ही काचेवर चढली की हिचं पोट दिसतं. आणि ती मोठी आहे ना, ती सगळ्यांत जास्त खाते. एका रात्रीत अख्खं पान!"

मी वाकून बघत होते, तेवढ्यात त्याची धाकटी बहीण आली. अडीच वर्षांची. तिने फडकं ओढलं, बरणीत हात घातला, एका गोगलगायीच्या पाठीवरून बोट फिरवलं आणि तेच बोट सरळ तोंडात!

आजी स्वयंपाकघरातून धावत आली. "अरे मेल्या, ह्यां काय हाडलंस घरात? आधी तिचे हात धू!"

भाचा हिरमुसला. "आजी, गोगलगाय काय चावते? किती गरीब असते ती!"

मुलांनो, खरं कोणाचं? आजीचं की भाच्याचं? दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. कसं ते पाहू या.

पोटात पाय खरोखरच!

दिसायला साधा पण आतून पक्का अशा माणसाला आपण म्हणतो, 'गोगलगाय नि पोटात पाय.' गंमत अशी की शास्त्रज्ञांनीही या प्राण्यांना तेच नाव दिलं आहे. शंख, शिंपले, माकुल या सगळ्यांचा मिळून मृदुकाय प्राण्यांचा मोठा गट होतो. त्यातला गोगलगायींचा वर्ग म्हणजे 'उदरपाद'. उदर म्हणजे पोट, पाद म्हणजे पाय! पोटाखालचा सगळा स्नायू हाच तिचा पाय. तो लाटेसारखा आकसतो नि पसरतो, आणि स्वतःच्याच चिकट द्रवावरून ती घसरत पुढे जाते. भिंतीवर सकाळी दिसणारी चकचकीत रेघ ती हीच.

तिच्या डोक्यावर चार शिंगं असतात. वरच्या दोन लांब शिंगांच्या टोकांना डोळे, खालची दोन हुंगायला आणि चाचपायला. तोंडात कानशीसारखी खरखरीत जीभ असते आणि तिच्यावर बारीक बारीक हजारो दात. म्हणूनच कोबीचं पान असं कुरतडल्यासारखं दिसतं. उन्हाळा आला की ती शंखाच्या तोंडाला पातळ पापुद्र्याचं दार लावते आणि पाऊस येईपर्यंत झोपून राहते.

आपल्या सिंधुदुर्गाला तर गोगलगायींच्या बाबतीत खास मान आहे. आंबोलीच्या जंगलात सापडलेल्या एका अर्ध्या शंखाच्या गोगलगायीला २०२१ साली शास्त्रज्ञांनी नवं नाव दिलं, 'वराडिया आंबोलिएन्सिस'. तोपर्यंत जगाला तिची ओळखच नव्हती! काजव्यांच्या अळ्या गोगलगायी खाऊन वाढतात, कुक्कुडकोंबा त्यांच्यावर ताव मारतो आणि गोगलगायी कुजकी पानं खाऊन मातीत मिसळतात. म्हणजे भाच्याचं म्हणणं खोटं नव्हे. देशी गोगलगाय आपली शेजारीण आहे, शत्रू नाही.

मग आजी का घाबरली?

उंदराच्या पोटातला पाहुणा

गोगलगाय चावत नाही, हे खरं. पण ती काय खाते ते पाहा. पानं खाते, बुरशी खाते, कुजका कचरा खाते आणि उंदरांच्या लेंड्यासुद्धा खाते. खरी गडबड इथेच होते.

उंदरांच्या फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत एक बारीक जंत राहतो. १९३५ साली चीनमधल्या कॅन्टन शहरातल्या उंदरांत तो प्रथम सापडला, म्हणून त्याच्या शास्त्रीय नावातही कॅन्टन आहे. त्याची पिल्लं उंदराच्या विष्ठेतून बाहेर पडतात. ती विष्ठा गोगलगाय खाते. गोगलगायीच्या अंगात पिल्लं थोडी मोठी होतात. मग ती गोगलगाय दुसरा उंदीर खातो आणि चक्र पुरं होतं. उंदीर, गोगलगाय, पुन्हा उंदीर. या चक्रात माणसाचं काहीच काम नाही.

पण माणूस कधी कधी चुकून मध्ये येतो. कच्ची किंवा अर्धवट शिजलेली गोगलगाय खाल्ली, पालेभाजीत लपलेली छोटी गोगलगाय कच्चीच पोटात गेली, किंवा गोगलगाय हाताळून न धुतलेला हात तोंडात घातला, तर ही पिल्लं माणसाच्या शरीरात शिरू शकतात. यातला सगळ्यांत मोठा धोका कच्ची गोगलगाय खाण्यात आहे. नुसत्या चिकट द्रवातून धोका त्या मानाने बराच कमी, पण नाहीच असं नाही. माणसाच्या अंगात ही पिल्लं वाट चुकतात, मेंदूपाशी पोचतात आणि तिथेच मरतात. मग मेंदूच्या आवरणाला सूज येते.

हा जंत दूर कुठेतरी चीनमध्येच आहे असं समजू नका, बरं का! १९८२ साली मुंबईच्या शास्त्रज्ञांनी मुंबईतल्या उंदरांमध्येही तो असल्याचं प्रसिद्ध केलं. केरळातल्या डॉक्टरांनी या आजाराचे रुग्ण नोंदवले आहेत.

ऑस्ट्रेलियातल्या सिडनी शहरातली एक घटना तर मन हेलावणारी आहे. २०१० साली काही मित्र अंगणात गप्पा मारत बसले होते. एक बिनशंखाची गोगलगाय सरपटत आली. कोणीतरी पैज लावली आणि एकोणीस वर्षांच्या एका धट्ट्याकट्ट्या रग्बीपटूने ती गिळून टाकली. काही दिवसांनी त्याचे पाय दुखू लागले. पुढे तो ४२० दिवस बेशुद्ध होता. शुद्धीवर आला, पण हातपाय लुळे पडलेले. २०१८ साली तो गेला. त्याच्या वाट्याला आलं तसं फार थोड्यांच्या वाट्याला येतं. बहुतेक रुग्ण बरे होतात. पण पैजेपायी एवढी किंमत कशाला मोजायची? "खाऊन दाखव" असं कोणी म्हटलं, तर "तूच खा" असंही म्हणायचं नाही. सरळ "नाही" म्हणायचं.

गिमवीची गोष्ट

आता आपल्या कोकणातलीच एक जुनी हकिगत ऐका. विजयदुर्गाच्या उत्तरेला रत्नागिरी जिल्हा. त्यातल्या गुहागर तालुक्यात गिमवी नावाचं गाव आहे. १९५२ साली डॉ. गाडगीळ आणि डॉ. शहा यांनी जाहीर केलं की या गावात लघवीवाटे रक्त जाण्याचा जो आजार आहे, तो एका जंतामुळे होतो. तोवर हा आजार मुख्यतः आफ्रिका आणि अरबस्तानाकडचा समजला जाई. ईजिप्तमध्ये काम करणाऱ्या बिलहार्झ नावाच्या जर्मन डॉक्टरने १८५१ साली तो जंत शोधला होता.

हा जंत माणसात येतो कसा? रुग्णाच्या लघवीतून त्याची अंडी पाण्यात जातात. अंड्यांतून निघालेली पिल्लं पाण्यातल्या गोगलगायीत शिरतात, तिथे त्यांची संख्या वाढते आणि पुन्हा पाण्यात येऊन ती पोहणाऱ्याच्या कातडीतून थेट आत घुसतात! गिमवीच्या पाण्यात ही मधली कामगिरी करणारी गोगलगाय कोणती, याचा पुढे शोध लागला. ती अवघी काही मिलिमीटरची, छोट्याशा टोपीसारख्या शंखाची होती. पाण्यात पाहिलीत तर कचरा वाटेल अशी.

आज गिमवीचं नाव वैद्यकाच्या पुस्तकांत एक जुनी नोंद म्हणूनच येतं. पण धडा आजही कामाचा आहे. वहाळातल्या किंवा तळ्यातल्या गोगलगायी बाटलीत घालून घरी आणल्या, तर त्यांच्याबरोबर ते पाणीही घरात येतं. त्या पाण्यात हात बुचकळायचे नाहीत आणि ते पाणी विहिरीजवळ ओतायचं नाही.

याशिवाय गोगलगायींच्या अंगावर आणि विष्ठेत साल्मोनेलासारखे जिवाणू असू शकतात. त्यांनी जुलाब, पोटदुखी आणि ताप येतो. मोठ्यांना दोन-चार दिवस त्रास होतो, पण पाच वर्षांखालच्या मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना तो जड जाऊ शकतो. म्हणजे अडीच वर्षांच्या भाचीचं बोट बघून आजी घाबरली ते उगाच नव्हे.

सहावी गोगलगाय कुठली?

हात धुऊन झाले. मग मी बरणीतल्या गोगलगायी नीट पाहिल्या. पाचांचे शंख चपटे, गोल, नाण्याची गुंडाळी केल्यासारखे होते. पण ती 'जास्त खाणारी' वेगळीच होती. लांबट, टोकदार शंख, त्यावर तपकिरी पट्टे आणि अंगाने इतरांच्या दुप्पट.

"ही कुठे मिळाली रे?" मी विचारलं.

"तू गेल्या वेळी मुंबईहून गुलाबाची कुंडी आणलीस ना, तिच्या बुडाशी!"

मी कपाळाला हात लावला. ही होती आफ्रिकन राक्षसी गोगलगाय आणि तिला विजयदुर्गात आणणारी होते मीच!

हिचं मूळ गाव पूर्व आफ्रिका. १८४७ साली बेन्सन नावाच्या इंग्रज अभ्यासकाने मॉरिशसहून दोन गोगलगायी कलकत्त्याला आणल्या आणि तिथून त्या चौरंगीच्या बागेत पोचल्या. पुढे रोपं, माती, लाकूड यांच्याबरोबर ही जात देशभर पसरली. मुंबईत पावसाळ्यात ती भिंतीभिंतींवर दिसते. तिचा शंख २० सेंटिमीटरपर्यंतही वाढू शकतो. ती पाचशेहून जास्त प्रकारच्या वनस्पती खाते आणि शंखासाठी चुना हवा म्हणून भिंतीचा गिलावासुद्धा कुरतडते. एका वेळी शंभराहून जास्त अंडी घालते. शिवाय एकदा जोडी जमली की पुढे कित्येक महिने ती एकटीच अंडी घालू शकते. उंदराचा तो जंत वाहून नेण्यातही हीच आघाडीवर आहे.

अमेरिकेत १९६६ साली एक मुलगा हवाई बेटांवरून अशा तीन गोगलगायी पाळायला म्हणून मायामीला घेऊन आला. त्याच्या आजीने त्या बागेत सोडून दिल्या. सात वर्षांत त्यांच्या अठरा हजारांवर गोगलगायी झाल्या! त्या संपवायला दहा वर्षं आणि सुमारे दहा लाख डॉलर लागले. २०११ साली त्या पुन्हा सापडल्या, तेव्हा शोधायला कुत्रे शिकवावे लागले आणि दहा वर्षांत १ लाख ६८ हजारांहून जास्त गोगलगायी वेचाव्या लागल्या.

आणि आपल्याकडे? २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यांत गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली. शेतकऱ्यांना दुबार पेरणी करावी लागली.

"मग हिला गडग्यापलीकडे सोडून येऊ?" भाच्याने विचारलं.

"नाही रे. तीच तर चूक त्या मायामीच्या आजीने केली."

"म्हणजे मारायची?" त्याचा आवाज बारीक झाला. "मी पाळलीय ती!"

मला काही सुचेना. खोटं बोलून भागणार नव्हतं. मी म्हटलं, "तुझ्या बाबांच्या कलमांच्या बागेत, शेजाऱ्यांच्या परसात हिच्या शंभर झाल्या तर? चूक माझी आहे, तुझी नाही. पण निस्तरायची सगळ्यांनी." तो बराच वेळ गप्प बसला. मग स्वतःच बाबांना बोलावून आला. भावोजींनी हातात प्लॅस्टिकची पिशवी घालून ती उचलली आणि दाट मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकली. नंतर परसात खोल खड्डा करून पुरली. भाचा तिथे थांबला नाही. पण संध्याकाळी गुलाबाची कुंडी उचलून, तिच्याखालची माती उकरून, अंडी आहेत का ते त्यानेच पाहिलं. पिवळसर पांढरी, साबुदाण्यासारखी अंडी असतात ती. सुदैवाने एकही सापडलं नाही.

एक सांगते. हे काम मोठ्यांचं आहे, मुलांनी करायचं नाही. आणि गंमत म्हणून कुठल्याही गोगलगायीवर मीठ टाकायचं नाही. देशी गोगलगायीने आपलं काहीच बिघडवलेलं नसतं.

पाळायची का मग?

इंग्लंडमध्ये मुलं घरात गोगलगायी पाळतात. पण त्या बहुधा घरातच जन्मलेल्या आणि धुतलेल्या भाज्यांवर वाढलेल्या असतात. ज्या गोगलगायीने उंदराची घाण कधी खाल्लीच नाही, तिच्यात तो जंत येणार कुठून? आपल्या गडग्यावरची गोगलगाय मात्र काल रात्री कुठे फिरली, काय खाल्लं, ते कोणालाच ठाऊक नसतं. म्हणून माझं मत विचाराल, तर तिला बरणीत ठेवण्यापेक्षा तिच्या जागीच बघावं. शाळेच्या प्रकल्पासाठी दोन-चार दिवस ठेवायचीच असेल, तर हे नियम पाळा:

१. आई-बाबांना विचारल्याशिवाय आणायची नाही. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर आणायचीच नाही.

२. नुसत्या हाताने उचलायची नाही. पान, काडी किंवा प्लॅस्टिकची पिशवी वापरायची. हाताला जखम असेल तर लांबूनच बघायचं.

३. बरणी स्वयंपाकघरात, जेवायच्या जागी किंवा पिण्याच्या पाण्याजवळ ठेवायची नाही. झाकण भोकं पाडलेलं पण घट्ट हवं.

४. उरलेलं खाणं रोज काढून टाकायचं. त्याच्या वासाने उंदीर येतात.

५. बरणी मोरीत किंवा न्हाणीत धुवायची नाही. बाहेर, विहिरीपासून लांब धुवायची. त्यासाठी वेगळा ब्रश ठेवायचा.

६. गोगलगायीला गालावर, हातावर चालवायचं नाही. तिला बघता बघता खाऊ खायचा नाही.

७. काम झालं की साबणाने हात धुवायचे. पंजे, बोटांच्या बेचक्या, नखं, सगळं. निदान वीस सेकंद. मनात सावकाश वीस आकडे मोजा.

८. झाल्यावर देशी गोगलगाय जिथून आणली तिथेच नेऊन सोडायची. दुसऱ्या गावी नाही.

आणि समुद्रावर शंख वेचायला जाता तेव्हा एवढं ध्यानात ठेवा. कोन म्हणजे शंकूच्या आकाराच्या समुद्री गोगलगायी भाल्यासारख्या दाताने विष टोचतात. त्यांच्या काही जाती माणसाचा जीवही घेऊ शकतात. आत जिवंत प्राणी असलेला शंख हातात किंवा खिशात घेऊ नका.

आई-बाबांसाठी चार ओळी

पावसाळ्यात पालेभाजी पान पान सुटं करून वाहत्या पाण्याखाली धुवावी. नुसती मिठाच्या पाण्यात बुडवून काढून भागत नाही. नीट शिजवली की प्रश्न मिटतो. कच्च्या कोशिंबिरीच्या पानांकडे जास्त लक्ष द्यावं. पाण्याची भांडी झाकून ठेवावीत आणि उंदरांचा बंदोबस्त करावा. उंदरांमुळे लेप्टोसारखे दुसरे आजारही येतात, म्हणजे एका कामात दोन फायदे.

परसात राक्षसी गोगलगायी वाढल्या असतील, तर संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं ठेवावीत आणि सकाळी त्यांच्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचाव्यात. बाजारात मिळणाऱ्या विषारी गोळ्या कुत्र्या-मांजरांना आणि लहान मुलांनाही घातक असतात. त्या घरात मुलांच्या हाताला लागतील अशा ठेवू नयेत.

मुलाने गोगलगाय तोंडात घातली असेल तर तोंड आणि हात लगेच धुवावेत आणि डॉक्टरांना सांगावं. त्यानंतरच्या काही आठवड्यांत जोराची डोकेदुखी, मान ताठणं, उलट्या, ताप, अंगाला मुंग्या आल्यासारखं वाटणं असं काही झालं, तर वेळ न घालवता दवाखान्यात न्यावं आणि 'गोगलगायीशी संबंध आला होता' हे आपणहून सांगावं. डॉक्टरांना नेमकी तीच गोष्ट कळणं गरजेचं असतं.

माझ्या भाचीला काही झालं नाही. पुढचा महिनाभर आम्ही सगळेच तिच्यावर डोळे लावून होतो, एवढंच.

आणि ती बरणी? दुसऱ्या दिवशी पाऊस जरा उघडला, तसा भाच्याने पाचही गोगलगायी गडग्यावर, शेवाळात, जिथून आणल्या होत्या तिथेच सोडल्या. मग साबणाने हात धुतले. मोठ्याने वीस आकडे मोजून, आजीला ऐकू जातील असे! आता त्याच्याकडे एक वही आहे. रोज संध्याकाळी छत्री घेऊन तो गडग्यापाशी उभा राहतो आणि कोण किती वाजता बाहेर आलं, कुठलं पान खाल्लं, ते लिहितो. परवा त्याचा फोन आला होता.

"मावशी, एक काजव्याची अळी दिसली! आणि ऐक, पुढच्या वेळी कुंडी आणशील ना, तर बसमध्ये चढायच्या आधी तिचं बूड बघ."

बघेन रे बाबा. तुम्हीही बघा!